गांजानं झोप लागते की गांजावाचून उडते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गांजाचा विषय निघाला की पत्रांचे दोन ठरलेले गठ्ठे पडतात. एकात गांजा म्हणजे सर्वनाश. दुसऱ्यात 'झाडाचा पाला तो, दारूपेक्षा कितीतरी बरा'. या भांडणात रोज ओढणाऱ्याचा साधा कामाचा दिवस कसा जातो, हे सांगायचं राहून जातं. व्यसनमुक्ती समुपदेशन करताना आमचा संबंध येतो तो नेमका त्या दिवसाशी, म्हणून हे पत्र.

रोज ओढणारे बहुतेक जण एक वाक्य हमखास म्हणतात: 'नाही ओढला तर झोप लागत नाही, चिडचिड होते, जेवण जात नाही, म्हणून ओढतो.' यात खोटं काही नाही. फक्त तो 'म्हणून' तपासून पाहायला हवा. झोप उडणं, चिडचिड होणं आणि भूक मरणं ही तिन्ही गांजा थांबवल्यावर होणाऱ्या त्रासाची लक्षणं आहेत. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये आली, तेव्हापासून तो त्रास स्वतंत्र निदान म्हणून तिथे नोंदलेला आहे. रात्रीची नशा उतरते, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्रास डोकं वर काढतो, जॉइंट, म्हणजे गांजा भरलेली सिगरेट, ओढला की तो बसतो, आणि माणूस प्रामाणिकपणे समजतो की गांजानं आपल्याला बरं वाटलं. दुखणं आणि औषध एकाच पुडीतून येत असल्यामुळे हा घोळ आतून दिसत नाही.

आत काय होतं ते थोडक्यात. नशा आणणारा घटक टीएचसी. तो वेगळा काढून त्याची रचना १९६४ मध्ये इस्रायलमधल्या राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी उलगडली. मेंदूत तो ज्या जागी जाऊन बसतो ते रिसेप्टर सापडायला १९८८ उजाडलं. मग साहजिक प्रश्न आला, मेंदूनं अशी कुलपं कोणत्या किल्लीसाठी करून ठेवली आहेत? १९९२ मध्ये उत्तर मिळालं: शरीर स्वतःच तसा एक रेणू बनवतं. शोधणाऱ्यांनी त्याचं नाव संस्कृतातल्या 'आनंद'वरून आनंदामाइड ठेवलं. नाव गोड आहे, पण जरा फसवं. या जातीच्या रेणूंचं रोजचं काम मुख्यतः आवर घालण्याचं. एक चेतापेशी दुसरीकडे संदेश पाठवत राहते; संदेशांचा फार मारा झाला की घेणारी पेशी हे रेणू उलट दिशेनं सोडते, म्हणजे 'पुरे आता' असं सांगते. ते लागतील तिथे, लागतील तेवढेच तयार होतात आणि लगेच मोडून टाकले जातात. टीएचसी मात्र सगळीकडे एकदम पोहोचतं आणि दोन-तीन तास जागोजागी 'पुरे, पुरे' म्हणत बसतं, आठवण साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्येही.

रोजच असा भडिमार होऊ लागला की मेंदू कुलपंच कमी करतो. रोज ओढणाऱ्यांच्या मेंदूचे पेट स्कॅन (रिसेप्टर किती आहेत ते दाखवणारं चित्रण) करून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूच्या बाहेरच्या थरात हे रिसेप्टर साधारण २० टक्क्यांनी कमी भरले. सुमारे चार आठवडे गांजा बंद ठेवल्यावर बहुतेक भागांत ते पूर्ववत झाले. हा चार आठवड्यांचा आकडा लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

'गांजानं कोणी मरत नाही' हे विधान याच रचनेतून आलं आहे. श्वास चालवणारी केंद्रं मेंदूच्या खोडात असतात आणि तिथे हे रिसेप्टर फार थोडे असतात, त्यामुळे अफू-हेरॉइनसारखा श्वास थांबत नाही. तेवढ्यापुरतं ते बरोबर आहे. गाडी चालवताना जाणाऱ्या जिवाबद्दल ते काही सांगत नाही.

झोपेचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात. सुरुवातीचे काही आठवडे रात्री ओढल्यावर डोळा लवकर लागतो, हे खरंच आहे. पण टीएचसी स्वप्नं पडणारी झोप, म्हणजे रेम झोप, दाबून टाकतं. 'मला हल्ली स्वप्नंच पडत नाहीत' असं रोज ओढणारा सांगतो ते त्यामुळे. काही आठवड्यांत झोपेचा फायदा विरतो, मग एकाचे दोन होतात, झोपायच्या आधीचा जॉइंट संध्याकाळी सातवर येतो. आणि एखाद्या दिवशी माल मिळाला नाही की दाबलेली रेम झोप व्याजासकट परत येते. तिसऱ्या-चौथ्या रात्री अडीचच्या सुमाराला जाग येते. उशी ओली, टी-शर्ट पाठीला चिकटलेला, आणि स्वप्न इतकं ठसठशीत की दाराला कडी आहे ना हे उठून पाहावं लागतं. अशा दोन रात्री काढल्या की कोणालाही वाटेल, आपल्याला गांजाशिवाय झोप येणारच नाही. प्रत्यक्षात मेंदू थकबाकी वसूल करत असतो. ही वसुली महिनाभर, क्वचित त्याहून जास्त चालते, पण पहिल्या आठवड्याचा जोर पुढे राहत नाही.

आता आठवण. गांजा ओढणाऱ्याला जुनं काही विसरायला होत नाही. शाळेतल्या बाकावर शेजारी कोण बसायचं ते त्याला नीट सांगता येतं. हातातून निसटतं ते आत्ताचं. एखादा ऑनलाइन फॉर्म भरायचा घ्या. नाव-पत्ता भरून झाला, फोटो जोडला, ओटीपी येणार म्हणून माणूस आतल्या खोलीत फोन आणायला गेला. फोन हातात घेतल्यावर आधी आलेला एक मेसेज दिसला, त्याला उत्तर दिलं, एक व्हिडिओ पाहिला. वीस मिनिटांनी परत आला तेव्हा पडद्यावर 'सेशन संपलं' अशी पाटी. पुन्हा पहिल्यापासून भरायचा कंटाळा, 'उद्या करू'. त्या फॉर्मची मुदत शुक्रवारी संपते. कोणी पाहिलं तर म्हणेल, किती आळशी! आम्हाला हा शब्द पटत नाही. काम सुरू करायची इच्छा असते, चार पायऱ्या डोक्यात एकत्र धरून ठेवणारी पकड ढिली झालेली असते. गांजानं माणसाची उमेदच जाते का, हे प्रयोगशाळेत मोजायला गेलं की निकाल संमिश्र येतात. अर्धवट राहिलेल्या कामांची यादी मात्र घरोघर सापडते.

ही ढिलाई फक्त नशेच्या तासांपुरती नसते. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात दहा अनुभवी वैमानिकांना १९ मिलिग्रॅम टीएचसी असलेली एक सिगरेट दिली होती. चोवीस तासांनी सिम्युलेटरवर विमान उतरवताना त्यांची धावपट्टीची मधली रेषा चुकत होती, आणि आपलं काही चुकतंय असं त्यांना वाटत नव्हतं. प्रयोग लहान, त्यावर फार मोठी इमारत उभी करू नये. पण 'मी एकदम नॉर्मल आहे' या शब्दावर किती विसंबायचं ते त्यातून कळतं.

दिलासा देणारी बाजूही सांगितली पाहिजे. वर्षानुवर्षं भरपूर ओढणाऱ्यांच्या शब्दयादी आठवण्याच्या चाचण्या २००१ मध्ये हॅरिसन पोप या संशोधकाच्या गटानं घेतल्या. गांजा बंद केल्यावर पहिल्या आणि सातव्या दिवशी ते मागे होते, अठ्ठाविसाव्या दिवशी इतरांच्या बरोबरीला आले. शाळकरी वयात सुरू केलेल्यांबद्दल इतक्या खात्रीनं बोलता येत नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या दीर्घ अभ्यासात किशोरवयापासून गांजाच्या आहारी राहिलेल्यांचा बुद्ध्यंक अडतिसाव्या वर्षापर्यंत आठ गुणांपर्यंत घसरलेला दिसला. पुढे जुळ्या भावंडांवर झालेल्या अभ्यासांनी, ही घसरण गांजापेक्षा घरच्या परिस्थितीमुळे असावी, असं सुचवलं. वाद मिटलेला नाही. तोवर सोळा वर्षांच्या पोरानं 'पोप काय म्हणाला बघा' असं आम्हाला सांगू नये.

'रोज एकच ओढतो' यातला 'एकच' काय मोजतो? हिशोब सोपा आहे. जॉइंटमध्ये ०.३ ग्रॅम गांजा धरू. त्यात ४ टक्के टीएचसी असेल तर १२ मिलिग्रॅम झालं; १५ टक्के असेल तर ४५. अमेरिकेत पकडलेल्या मालाची सरासरी १९९५ मध्ये ४ टक्के होती, २०१४ मध्ये १२ टक्के. तिथल्या अंमली पदार्थांवर संशोधन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेनं २०२१ मध्ये संशोधनासाठी ५ मिलिग्रॅम हे एक एकक ठरवलं. म्हणजे कागद तोच, लांबी तीच, ओढणारा तोच, आणि आत कधी दोन-अडीच एककं, कधी नऊ. धुरातून रक्तात पोहोचतं ते यातलं थोडंच, पण प्रमाण तेच राहतं.

खाण्यातून घेतलेल्या गांजाची गफलत वेगळी. ओढला की काही मिनिटांत चढतो. खाल्ला की अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कितीही वेळ लागतो, आणि यकृतातून जाताना टीएचसीचं जे रूप तयार होतं ते जास्त जोरकस असतं. पाऊण तासानं 'काही झालंच नाही' म्हणून दुसरा तुकडा खाल्ला जातो आणि मग दोन्ही एकदम चढतात. छाती धडधडते, आपण मरतोय अशी खात्री वाटते. हे सहा-आठ तास चालू शकतं. गाडीचंही इथेच सांगतो: ओढल्यावर किमान सहा तास आणि खाल्ल्यावर त्याहून बराच जास्त वेळ चावीला हात लावू नये. सोबत दारू असेल तर हे तासांचं गणित चालत नाही, त्या दिवशी गाडी नकोच.

वेड लागण्याबद्दल दोन्ही गठ्ठ्यांत अतिशयोक्ती असते. स्वीडनमध्ये सैन्यभरतीसाठी आलेल्या सुमारे ४५ हजार तरुणांचा पंधरा वर्षं मागोवा घेतला गेला. भरतीच्या वेळी पन्नासहून जास्त वेळा गांजा घेतलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न घेतलेल्यांच्या सहापट निघालं; इतर कारणं वजा केल्यावर ते दोन-तीनपटीवर आलं. हा अभ्यास १९८७ चा. २०१९ मध्ये युरोप आणि ब्राझीलमधल्या अकरा ठिकाणांच्या माहितीत, रोज घेणाऱ्यांना मनोविकाराचा झटका येण्याची शक्यता तिप्पट, आणि १० टक्क्यांहून कडक माल रोज घेणाऱ्यांना जवळजवळ पाचपट दिसली. बहुतेकांना हा आजार होत नाही, हेही तितकंच खरं. पण ज्याच्या आई-वडिलांना किंवा सख्ख्या भावंडाला स्किझोफ्रेनिया वा बायपोलर आहे, त्यानं हा जुगार खेळूच नये. लोक आपल्याकडेच बघतायत, फोनमधून कोणी ऐकतंय, बातम्यांत आपल्यालाच उद्देशून बोललं जातंय, असं नशा उतरल्यावर दुसऱ्या दिवशीही वाटत राहिलं तर पुढे सांगितलेला गांजा बंद ठेवण्याचा प्रयोग करत बसू नये, मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं, त्याच दिवशी.

उलट्यांचा एक विकार मुद्दाम सांगतो, कारण तो कोणाच्या ध्यानीमनी नसतो. कित्येक वर्षं जवळजवळ रोज ओढणाऱ्या काहींना अधूनमधून दोन-दोन दिवस थांबतच नाहीत अशा उलट्या होतात, बेंबीभोवती दुखतं. सोनोग्राफी, एंडोस्कोपी सगळं स्वच्छ. उलटीची नेहमीची इंजेक्शनं फारशी लागू पडत नाहीत. ओळखायची खूण एकच, आणि ती पुस्तकात वाचलेली नसेल तर विचित्र वाटेल: रुग्ण दिवसातून चार-पाच वेळा कढत पाण्यानं अंघोळ करतो, कारण तेवढ्यापुरतं बरं वाटतं. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी याचं सविस्तर वर्णन केलं. मिरचीतल्या कॅप्सायसिनचं मलम पोटावर चोळल्यानं काहींना आराम पडतो, पण विकार थांबतो तो गांजा पूर्ण बंद केल्यावरच. घोटाळा असा होतो, की केमोथेरपीच्या उलट्यांवर गांजातली द्रव्यं वापरतात हे रुग्णानं कुठेतरी वाचलेलं असतं, म्हणून तो जास्त ओढतो. गांजाचं डॉक्टरला सांगत नाही आणि डॉक्टर विचारत नाही. लघवी कमी आणि गडद होऊ लागली तर थेट दवाखाना, मूत्रपिंडावर बेतू शकतं.

आता ते चार आठवडे. गांजा आपल्याला झोप देतो की आपली झोप त्याच्याकडे गहाण पडलीय, हे कळायचा साधा मार्ग म्हणजे अठ्ठावीस दिवस बंद ठेवून पाहणं. सुरुवातीच्या दहा दिवसांत परीक्षा, प्रवास, लग्नकार्य नसेल अशी तारीख धरावी. आधीचा एक आठवडा वहीत नोंदी कराव्यात: दिवसातून किती वेळा, आठवड्याला अंदाजे किती ग्रॅम, उठल्यापासून पहिला झुरका किती वेळानं, रात्रीची झोप किती तास, आणि चिडचिडीला शून्य ते दहापैकी किती गुण. दिवसातून चार-पाच वेळा ओढणाऱ्यानं एकदम तोडण्यापेक्षा पहिला जॉइंट रोज एक-दोन तास पुढे ढकलत न्यावा. आठ-दहा दिवसांत रात्रीचा एकच उरतो, मग तोही बंद. रात्री एकच ओढणाऱ्यानं सरळ थांबावं.

तंबाखू मिसळून ओढणाऱ्यांचं इथे हमखास फसतं. गांजासोबत निकोटिनही थांबतं, दोन्हींची तलफ एकमेकींत मिसळते, आणि चौथ्या दिवशी माणूस रोजच्या दुप्पट सिगरेटी ओढत असतो. तंबाखूचं काय करायचं ते आधीच ठरवावं. दोन्ही सोडायचं असेल तर निकोटिनच्या च्युइंगमबद्दल डॉक्टरांशी बोलून ठेवावं. कागद, ग्राइंडर, राखेचं भांडं, सगळं घराबाहेर. 'अडीअडचणीला असू दे' म्हणून कपाटात ठेवलेली छोटी पुडी जितक्यांना पाडते, तितकं दुसरं काही पाडत नसेल.

त्रास पहिल्या ते तिसऱ्या दिवसात सुरू होतो आणि पहिल्या आठवड्यात टोकाला जातो. घाम, डोकेदुखी, पोटात कालवाकालव, हातांना थोडा कंप, क्षुल्लक गोष्टीवरून वसकन ओरडणं. घरच्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. भूक नसताना भरल्या ताटाचा आग्रह नको. चार-पाच वेळा थोडं थोडं खावं, पाणी पीत राहावं. दुपारनंतर चहा-कॉफी बंद. रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ एकच ठेवावी. वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर अंथरुणातून उठून मंद उजेडात बसावं, पेंग आल्यावर परत जावं. तलफेची लाट सहसा पंधरा-वीस मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ घराबाहेर चालत राहणं सगळ्यात कामी येतं. झोपेसाठी दारू किंवा कोणाकडून मागून आणलेली झोपेची गोळी घेणं म्हणजे एक दोर सोडून दुसरा गळ्यात घालणं. या व्यसनासाठी खास मान्यता मिळालेलं औषध अजून नाही. डॉक्टर तात्पुरत्या त्रासावर काही देऊ शकतात, बाकी भर समुपदेशनावर.

दुसऱ्या आठवड्यात अंग बरंच हलकं होतं, आणि बरेच जण घसरतात तेही इथेच. ओढणं, चढणं, उतरणं यात रोजचे तीन तास जात असतील तर महिन्याचे नव्वद होतात. ते नव्वद तास अचानक अंगावर येतात. संध्याकाळी सात ते दहा या वेळेत काय करायचं हे तारीख धरतानाच लिहून ठेवलेलं असावं; तेव्हा सुचेल म्हणणाऱ्याला तेव्हा गांजाच सुचतो. मध्येच एकदा ओढला गेला तर वही फेकून देऊ नये. किती वाजता, कोणासोबत, त्याआधी काय घडलं, एवढं लिहावं आणि पुढचा दिवस चालू करावा. तीनदा प्रयत्न करूनही दहा दिवसांपलीकडे जाता येत नसेल, तर प्रयोगाचं उत्तर मिळालंय असं समजून व्यसनमुक्ती समुपदेशकाकडे जावं. आयुष्यात कधीतरी गांजा घेतलेल्यांपैकी साधारण अकरांत एक त्याच्या आहारी जातो, आणि किशोरवयात सुरू केलेल्यांत सहांत एक, असे जुने अंदाज आहेत. म्हणजे अशी वेळ येणारे काही विरळा नाहीत.

क्लोझापिन किंवा ओलान्झापिन ही स्किझोफ्रेनियासारख्या आजारावरची औषधं घेणाऱ्यांनी हा प्रयोग परस्पर करू नये. धुरामुळे यकृत ती जास्त वेगानं मोडत असतं. धूर थांबला की त्याच गोळीची रक्तातली पातळी काही दिवसांत वाढते. गुंगी, लाळ गळणं, क्लोझापिनच्या बाबतीत फिट येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. तारीख धरण्याआधी डॉक्टरांना सांगितलं की ते मात्रा बदलून देतात. रक्त गोठू न देणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनीही आधी कळवून आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची, तपासणी करून घ्यावी.

शेवटी घरच्यांसाठी, लघवीच्या तपासणीबद्दल. कधीतरी ओढणाऱ्याची तपासणी तीन-चार दिवसांत निगेटिव्ह येते. रोज ओढणाऱ्याच्या चरबीत साठलेलं टीएचसी हळूहळू बाहेर पडत राहतं, त्यामुळे शेवटच्या झुरक्यानंतर महिनाभर, कधी त्यानंतरही, पट्टी पॉझिटिव्ह दाखवू शकते. विसाव्या दिवशी पट्टी पाहून 'तू खोटं बोलतोस' असा वाद होतो आणि खरंच वीस दिवस काढलेला मुलगा त्याच रात्री रागानं ओढून येतो. त्या महिन्यात पट्टी आणू नये. विचारायचंच असेल तर काल रात्री किती तास झोप झाली ते विचारावं, आणि वहीतल्या पहिल्या आठवड्याच्या आकड्याशेजारी ते लिहायला सांगावं.

आपले,
व्यसनमुक्ती समुपदेशनात काम करणारे काही जण